गंगाधरपंतांची खुर्ची : विनोदी कालप्रवासकथा आणि तिचे सोबती वाचक

कालप्रवासाच्या कथेचा विचार करताना मराठी समीक्षेने विज्ञानाकडे जितके लक्ष दिले तितके हसण्याकडे दिलेले नाही. यंत्र कसे चालते, सापेक्षतेच्या सिद्धान्ताशी ते कितपत जुळते, लेखकाचे भाकीत पुढे खरे ठरले काय, या प्रश्नांची चर्चा होत आली. परंतु दुसऱ्या काळात जाऊन पोहोचलेला माणूस हास्यास्पद का दिसतो आणि त्याला हसणारे वाचक एकमेकांच्या सोबतीने का हसतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला. बंगळुरूसारख्या शहरातून पाहिले असता तो अधिक टोकदार होतो. इंग्रजी पुस्तकमालिकांचा मोठा वाचकवर्ग या शहरात आहे, मराठी वाचकांची वस्तीही आहे, आणि त्या मराठी वाचकाचा शेजारी कन्नड, तेलुगू किंवा तमिळ वाचत असतो. एकच विनोद या तिघांना एकदम हसवू शकतो काय, याची परीक्षा पुण्यात होत नाही. येथे ती रोज होते.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार मानले आहेत. स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्याला हसविणे हे परस्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०० साली, बर्गसाँने हास्यावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हास्याला प्रतिध्वनीची गरज असते आणि ते नेहमी कोणत्या तरी समूहाचे असते, अशा आशयाची मांडणी केली. दोन्ही विचार नाटकाच्या प्रेक्षागृहाला सहज लागू पडतात. ग्रंथवाचन मात्र एकांतात होते. त्यामुळे विनोदी ग्रंथाचा वाचक आपला समूह मनाने उभा करतो, किंवा पुस्तक मिटून शेजारच्याला सांगायला उठतो. मालिका असेल तर ही गरज आणखी वाढते, कारण मालिकेतल्या विनोदाचा मोठा भाग मागील खंडांतील आठवणींवर चालतो, आणि आठवण ताडून पाहायला कोणीतरी लागतो.

इंग्रजीत अशा दोन मालिका विशेष लोकप्रिय झाल्या. कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेने १९८२ च्या ‘फायर वॉच’ या कथेपासून ऑक्सफर्डच्या इतिहासकारांना भूतकाळात पाठवायला सुरुवात केली. १९९२ ची ‘डूम्सडे बुक’ ही कादंबरी प्लेगच्या साथीची, अत्यंत विषण्ण. तर १९९७ ची ‘टू से नथिंग ऑफ द डॉग’ ही निखळ हास्याची. दुसरी मालिका जोडी टेलर या ब्रिटिश लेखिकेची. ‘जस्ट वन डॅम्ड थिंग आफ्टर अनदर’ या २०१३ च्या पहिल्या खंडापासून सेंट मेरीज नावाच्या संस्थेतील इतिहास-संशोधक वेगवेगळ्या युगांत जाऊन धडपडत आहेत. आपल्या कामाला कालप्रवास म्हटलेले या मंडळींना खपत नाही. महत्त्वाच्या घटनांचे ‘समकालीन निरीक्षण’ असे भारदस्त नाव ते वापरतात आणि प्रत्येक निरीक्षणातून जखमा, जळके कपडे व चहाची तल्लफ घेऊन परततात.

दोन्ही मालिकांत कालप्रवासी हा इतिहासकार आहे, ही गोष्ट तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची. विनोदी कालप्रवासाची सुरुवात तशी झाली नव्हती. मार्क ट्वेनच्या ‘अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ (१८८९) या कादंबरीतला नायक हँक मॉर्गन कारखान्यातला हुन्नरी माणूस आहे. सहाव्या शतकातल्या भोळ्या सरदारांपुढे तो आपल्या काळाची अक्कल मिरवतो आणि वाचक त्याच्या बाजूने हसतो. ट्वेनचा मोठेपणा असा की हे हसू त्याने अखेरीस विजेच्या तारांवर मरून पडलेल्या हजारो सरदारांपाशी आणून सोडले. भूतकाळावर वर्तमानाने मात करण्याचा विनोद तिथेच बहुधा संपला. विलिस आणि टेलर यांच्या इतिहासकारांना भूतकाळाची सगळी माहिती आहे, तरी त्यांची फजिती होते. किंबहुना माहिती आहे म्हणूनच होते. विलिसच्या कादंबरीतला नेड हेन्री इतका थकलेला आहे की व्हिक्टोरिया राणीच्या काळात आपल्याला नेमके काय परत करायला पाठवले आहे, हेच तो ऐकून विसरतो. परत करायची असते ती एक मांजर. थेम्सवर त्याला तीन तरुण आणि एक कुत्रा असलेली होडी दिसते, तेव्हा जेरोमचे ‘थ्री मेन इन अ बोट’ वाचलेला वाचक गालात हसतो. न वाचलेल्याला ते हसू शेजारच्याने समजावून द्यावे लागते. कादंबरीचे शीर्षकही जेरोमच्याच पुस्तकाच्या उपशीर्षकातून उचललेले आहे. सोबती वाचक येथे सोयीपुरता नाही, संहितेनेच त्याची जागा राखून ठेवली आहे.

बंगळुरूच्या चर्च स्ट्रीट परिसरात जुन्या-नव्या पुस्तकांची दुकाने एकवटलेली आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मालिकेचे खंड हाती लागतात ते क्रमाने नव्हेत. चौथा आधी मिळतो, पहिला दोन वर्षांनी. अशा वाचकाला पुढचे आधी ठाऊक असते आणि मागचे नंतर कळते. कालप्रवासाच्या मालिकेला याहून योग्य वाचनपद्धती सुचणे कठीण.

आता मराठीकडे. मराठीत विनोदी मालिकांची परंपरा दुबळी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट उभे केले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंनी तर पिढ्यान् पिढ्यांना सोबत केली. या सोबतीत दूरदर्शनवरच्या मालिकेने पुढे भर घातली. कालप्रवासाच्या आणि काळाशी खेळणाऱ्या कथाही आहेत. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी विज्ञानकथेला बळ दिले. जयंत नारळीकरांनी त्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती; आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून केलेली ती एक सौम्य थट्टाच होती. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींनी हा प्रवाह रुंद केला. म्हणजे विनोदी मालिका आहे, कालकथाही आहे. दोन्ही एकत्र येऊन वाचकांच्या जिभेवर रुळलेली अशी विनोदी कालप्रवासाची मालिका मात्र सांगता येत नाही. ही उणीव योगायोगाची मानावी काय?

चिं. वि. जोशी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ते पालीचे अभ्यासक होते आणि बडोदे संस्थानच्या दप्तरखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मराठीतील सर्वांत यशस्वी विनोदी मालिकेचा कर्ता दिवसभर जुन्या कागदपत्रांत वावरत होता. मोडी रुमालांतून कोणत्या गमती त्याच्या दृष्टीस पडल्या असतील, याची कल्पना करता येते. परंतु चिमणराव कधी गायकवाडांच्या जुन्या दरबारात जाऊन पडला नाही. त्याची धाव वाड्यापासून आगगाडीपर्यंत आणि सासुरवाडीपासून कचेरीपर्यंत. घोटाळे सगळे चालू काळातले. दप्तर एका खोलीत राहिले आणि विनोद दुसऱ्या.

या दोन खोल्यांमधले दार ज्या मराठी कथेने स्पष्टपणे उघडले ती म्हणजे नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिची ख्याती विज्ञानकथा म्हणून आहे, आणि तीत विनोद किती पक्का मुरलेला आहे याकडे दुर्लक्ष होते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात येतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले आहेत. पुण्याहून मुंबईकडे जाताना गाडी ‘सरहद’ नावाच्या स्थानकावर थांबते आणि परवाने तपासले जातात, कारण तेथून इंग्रजी राज्य सुरू होते. मुंबईत कंपनी सरकार अजून नांदते आहे. पंत आपल्या मुलाची त्याच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचा कोणीच तेथे नोकरीला नाही. मग ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच्याच लेखणीतून उतरलेल्या इतिहासाचे खंड उघडतात, आणि पानिपतापर्यंत ओळखीचा असलेला मजकूर त्यापुढे अनोळखी होतो.

कथेचे शीर्षक हा तिचा पहिला विनोद, आणि तो मराठीबाहेर नेता येत नाही. ‘एखाद्याचे पानिपत होणे’ म्हणजे त्याचा पुरता धुव्वा उडणे. तेव्हा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ याचा एक अर्थ पंतांचा आवडता विषय, दुसरा अर्थ पंतांना भेटलेले निराळे पानिपत आणि तिसरा अर्थ पंतांचीच झालेली दाणादाण. मराठे जिंकले आहेत अशा जगात हा वाक्प्रचार अस्तित्वात तरी असेल काय, असा खट्याळ प्रश्नही शीर्षक नकळत विचारून जाते. ‘विश्वास पानिपतातच गेला’ ही कोटी करणाऱ्या समाजाला विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या गोळीवर कथा उभी करण्यातली मौज वेगळी सांगावी लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ सालच्या ‘हॉर्नबिल’ या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ही कथा संक्षिप्त रूपात आली ती ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने. एका शब्दाबरोबर तिन्ही अर्थ गळाले आणि उरले ते साहस. वास्तविक पंत साहस म्हणावे असे काही करीतच नाहीत.

त्यांच्या हातून घडते ते खुर्चीवर बसणे. आझाद मैदानावर व्याख्यान चालू आहे आणि व्यासपीठावरील अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. आयुष्यभर परिसंवादांची अध्यक्षस्थाने भूषविलेल्या पंतांना ती लोहचुंबकासारखी ओढते. ते जाऊन बसतात, आणि बोलायला उभेही राहतात. परंतु या दुसऱ्या जगातल्या श्रोत्यांनी अध्यक्षीय समारोप, लांबलचक परिचय आणि आभारप्रदर्शन या गोष्टी केव्हाच मोडीत काढल्या आहेत. खुर्ची केवळ प्रतीक म्हणून ठेवलेली आहे. पंतांवर अंडी-टोमॅटोंचा वर्षाव होतो. पानिपत जिंकल्याचा सर्वांत मोठा सांस्कृतिक लाभ कोणता, तर सभेला अध्यक्ष लागेनासा झाला! व्याख्यानमाला, मंडळे आणि संमेलने यांत वाढलेल्या मराठी वाचकाला हा टोला कोठे बसतो ते कळते. साम्राज्य, विज्ञानकेंद्रे, राजकीय व्यवस्था यांविषयी कथेत जे आहे ते वाचक मान डोलावून वाचतो, हसतो तो येथे, आणि हसताना शेजारी बघतो. शेजारी बहुधा कोणत्या तरी मंडळाचा माजी अध्यक्ष असतो. पुढे २०२१ साली नाशिक येथील चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि प्रकृतीमुळे त्यांना व्यासपीठावर उपस्थित राहता आले नाही. कथेने वास्तवावर अशी कुरघोडी वरचेवर करू नये. पण ती झाली.

पंतांच्या फजितीत एक बोचरी बाजूही आहे. ज्या जगात मराठे जिंकले त्या जगात त्यांचा मुलगा सापडत नाही. विजयाचे सुख भोगायला गेलेल्या इतिहासकाराचे घरच त्या इतिहासातून गळून जाते. नारळीकर यावर रेंगाळत नाहीत, भावविवशताही दाखवीत नाहीत. त्या संयमामुळे कथेचा विनोद पोरकट होत नाही.

ही कथा एकटीच का राहिली, गंगाधरपंतांची मालिका का झाली नाही, याचे एक उत्तर तिच्या काळविषयक कल्पनेत आहे. विलिसच्या जगात इतिहास स्वतःला सावरून घेतो. प्रवाशांनी कितीही घोळ घातला तरी काळाचा पट आपली वीण नीट करतो. टेलरच्या जगात इतिहास ढवळाढवळ करणाऱ्यालाच शिक्षा करतो. दोन्हीकडे अंतिम निकाल ठरलेला आहे, म्हणून मधल्या घोळाला हसता येते, आणि पुढच्या खंडात पुन्हा तेच करता येते. प्रहसनाला अशी सुरक्षित जमीन लागते. नारळीकरांनी स्वीकारलेली कल्पना निराळी आहे. आपत्तिसिद्धान्त आणि पुंजभौतिकी यांच्या आधारे राजेंद्र देशपांडे पंतांना समजावतो की निर्णायक क्षणी वास्तवाला फाटे फुटू शकतात आणि दुसरा फाटाही तितकाच खरा असू शकतो. फाटा एकदा ओलांडला की सारे जग बदलते. मग तीच माणसे, तीच कचेरी, तोच चहा पुन्हा भेटण्याची हमी उरत नाही. मालिकेला लागणारे घर या कल्पनेत बांधता येत नाही. शिवाय येथे हळहळीला जागा राहते. तो दुसरा फाटा आपला असता तर, हा विचार मराठी मनाला पानिपताबाबत इतका ओळखीचा आहे की हसू त्याच्या काठावरच थबकते.

संस्थेचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. इंग्रजी मालिकांतील इतिहासकार नोकरदार आहेत. त्यांना वरिष्ठ आहेत, कपडेपट आहे, रुग्णालय आहे, उपाहारगृह आहे. चूक झाली तर खुलासा लिहून द्यावा लागतो. कचेरी असली की विनोदी मालिका आपोआप चालते. मराठीत अशी कचेरी शोधायला फार दूर जावे लागले नसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. एका कागदाच्या तिथीवरून वर्षानुवर्षे भांडणारे विद्वान, गावोगावची दप्तरे मिळवण्यासाठी केलेली पायपीट, स्वतः राजवाड्यांचा विलक्षण संताप, ही सामग्री कोणत्याही विनोदकाराला भुरळ घालणारी आहे. या संशोधकांना प्रत्यक्ष शके १६८२ मध्ये पाठवून दिले असते तर त्यांनी सदाशिवरावभाऊंना आधी मोर्तब तपासायला मागितले असते! परंतु मंडळाकडे मराठी समाजाने पाहिले ते आदराने. जेथे नुसता आदर असतो तेथे प्रहसनाचा संसार थाटता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठी माणूस भूतकाळाला हसतच नाही, हे खरे नव्हे. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या वाटेवर पेंद्या आणि मावशी चालू काळातल्या करांवर नि पुढाऱ्यांवर बोलतात. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यातला राजा आणि हवालदार कोणत्या शतकातले, असा प्रश्न कोणालाही पडला नाही. यंत्रावाचून केलेला हा कालप्रवासच आहे, आणि तो भर गर्दीत, सर्वांच्या सोबतीने होतो. मात्र वगातला राजा निनावी असतो आणि गौळणीतला कृष्ण पुराणातला. नाव, तिथी आणि वंशावळ असलेला पुरुष रंगमंचावर आला की हसू चाचरते. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये आले, आणि नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठून थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले. १९७४ मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. विलिसच्या कादंबरीतल्या मांजरीचे नाव ‘प्रिन्सेस अर्जुमंद’ आहे. अर्जुमंद बानू म्हणजे मुमताज महल. इंग्रज घरातल्या मांजरीला मोगल बेगमेचे नाव देण्यात वसाहतकाळाची एक खोच आहेच. परंतु मराठी विनोदी कादंबरीत मांजरीला एखाद्या पेशवीणबाईंचे नाव ठेवून लेखक स्वस्थ झोपू शकेल असे वाटत नाही. (पुण्यात मस्तानी पेल्यातून मिळते, हा अपवाद, तोही गोड असल्यामुळे चालला असावा.) पेशवाईवर अस्सल देशी अशी एक थट्टा आहे ती ‘साडेतीन शहाण्यां’ची, ज्यात नाना फडणवीस अर्धे ठरतात. ती परंपरेने स्वतःच केलेली असल्याने तिच्यावर कोणी रागावत नाही.

बंगळुरूचा कन्नड किंवा तेलुगू वाचक येथे एक निराळी वस्तू पुढे ठेवू शकतो. विजयनगरच्या स्मृतीबरोबर तेनाली रामा येतो. कृष्णदेवराय हा नाव, तिथी आणि वंशावळ असलेला सम्राट, त्याची कारकीर्द १५०९ ते १५२९. तरीही त्याच्या दरबारात हसायला परवानगी आहे, कारण लोककथेने विदूषक आधीच आत नेऊन बसविला आहे. १९९१ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या ‘आदित्य ३६९’ या तेलुगू चित्रपटातील कालयंत्र बरोबर याच दरबारात उतरते आणि नायकाची तेथे तेनाली रामाशी गाठ पडते, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. अकबराला बिरबल आहे, कृष्णनगरच्या राजा कृष्णचंद्राला गोपाल भांड आहे. मराठी लोककथेने शिवछत्रपतींच्या वा पेशव्यांच्या दरबाराला असा कायमचा चतुर सोबती दिला नाही. मराठी मुले बिरबल आणि तेनालीराम उसने आणून वाचतात. त्यामुळे मराठी कालप्रवाशाला दरबारात ओळखीचे, हसरे असे कोणी भेटत नाही. अर्थात विजयनगरचा विनोदी प्रवासीही १५६५ च्या तालिकोटच्या रणात सहसा उतरत नाही. ज्याची जखम त्याला तेथे हसणे जड जाते, मग भाषा कोणतीही असो.

मराठी दरबारातल्या बहुभाषिक रंजनाचा एक लक्षणीय दाखला मिळतो तो मात्र बंगळुरूतच. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’चे संपादन राजवाड्यांनीच केले आणि १९२२ साली ते प्रसिद्ध झाले. जयराम बारा भाषांत कविता करणारा. राधाकृष्णाचा विलास आणि शहाजीचा दरबार त्याच्या एकाच ग्रंथात नांदतात, आणि समस्या घालून, उत्तरे ऐकून दाद देणारी सभा संस्कृतापासून मराठी-कानडीपर्यंत अनेक भाषांची जाणकार आहे. येथील श्रोता दुसऱ्याच्या भाषेतील खुबी शेजारच्याकडून समजून घेतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सहवाचन हा शब्द प्रचारात नव्हता तेव्हाची ही सहश्रवणाची रीत. पुढे १६८७ मध्ये बंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. व्यंकोजींचे राज्य तंजावरात रुजले.

या पार्श्वभूमीवर ‘द अ‍ॅडव्हेंचर’ बंगळुरूच्या वर्गात वाचला जातो तेव्हा काय घडते, याचा विचार करावा लागतो. पाठाखालील प्रश्न विद्यार्थ्यांना एका घटनेने राष्ट्राच्या इतिहासाची दिशा बदलते काय, यावर चर्चा करायला सांगतात. प्रश्न चांगला आहे. पण ‘राष्ट्र’ या शब्दाने कथेतला मराठीपणा पुसून टाकला जातो. बंगळुरूच्या कन्नड विद्यार्थ्याला पानिपत ही जखम नाही. मराठे जिंकून साऱ्या देशात पसरले, हे ऐकून त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार तो म्हैसूरचे काय झाले असते हा. कथा हा प्रश्न केंद्रस्थानी आणत नाही. म्हैसूरच्या आठवणीत मराठी फौज ही परक्याची फौज आहे. १७९१ सालच्या मोहिमेत शृंगेरीचा मठ लुटला गेला आणि टिपूने मठाला साहाय्य केले. ‘सरहद’ हे स्थानक पुण्याच्या वाचकाला घाटातले गमतीदार परवानानाके वाटते. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेनंतर सीमाभागातून बंगळुरूला येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला ते नाव वाचून हसू येईलच असे नाही, आणि आले तरी त्या हसण्याची जात वेगळी असेल. स्वतः नारळीकरांचे बालपण बनारसमध्ये गेले. मराठी मुलखाबाहेर मराठी असणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांच्या कथेत विजयाचा कैफ नाही.

नारळीकरांची खरी युक्ती अशी की त्यांनी हसण्याचा रोख पूर्वजांवरून काढून इतिहासकारावर वळविला. भाऊसाहेब, विश्वासराव यांना कथा हातही लावत नाही. टोमॅटो पडतात ते प्राध्यापकावर. विलिस आणि टेलर यांनीही तेच केले आहे, फक्त त्यांना ते कोणत्याही दडपणाविना करता आले. मराठीत मात्र या युक्तीला मर्यादा आहेत, आणि त्या साहित्याबाहेरून येतात. ५ जानेवारी २००४ रोजी, एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक ग्रंथाच्या निमित्ताने, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव घुसला. कपाटे, ग्रंथ, हस्तलिखिते यांची नासधूस झाली. त्या दिवसानंतर आझाद मैदानावरचा प्रसंग वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसरेही चित्र येते. इतिहासकारावर वस्तू फेकणारा जमाव विनोदी वाटण्यासाठी ते होणार नाही अशी खात्री वाचकाला असावी लागते. ती खात्री हा विनोदाचा अदृश्य भांडवली भाग असतो, आणि तो व्यक्तीच्या नव्हे, समाजाच्या खात्यावर जमा असतो. विनोदी कालप्रवासाची मालिका मराठीत का नाही, या प्रश्नाचे जे उत्तर कथाशास्त्रात सापडत नाही त्याचा काही अंश येथे सापडतो. मालिका लिहायला लेखक लागतो. ती खंडामागून खंड हसत वाचायला मात्र असे सोबती लागतात, जे आपल्या पूर्वजांचे नाव निघताच एकमेकांच्या तोंडाकडे बघून गप्प होणार नाहीत.

मराठी मुलखाबाहेरचा वाचनगट या बाबतीत काहीसा मोकळा असतो, असे म्हणता येईल. त्याच्यात पूर्वज एकाचे नसतात, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या पूर्वजांविषयी दुसऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते. बंगळुरूचा मराठी वाचक पानिपतातील एक गोळी कानाजवळून गेल्याची गोष्ट सांगतो, तेव्हा कन्नड वाचक शृंगेरीच्या मठात १९१६ साली सापडलेल्या टिपूच्या पत्रांची गोष्ट सांगू शकतो. गंगाधरपंतांच्या खिशात दुसऱ्या जगातून आलेले ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चे एक फाटके पान राहून गेले होते. तसे पान शेजारच्या वाचकाच्याही खिशात असते, आणि त्यावरचा मजकूर निराळा असतो.